तीन बाजूंचा पाळणा

सिद्धार्थनगरातल्या आक्काताईला तोंडावर सगळे आक्काबाई म्हणायचे आणि पाठ वळली की उशीकाढी. तिला ते ठाऊक होतं. राग यायचा का? छे! उलट ऐकू आलं की बाई जरा ताठच चालायची.

धंदा तिचा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचा. सकाळी सहाला घराबाहेर पडायची ती मंगळवार पेठ, शाहूपुरी, राजारामपुरी अशी पाच घरं करून दुपारी एकला परत. न्हाणीघरात पाय लांब पसरून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची आणि असं तेल जिरवायची, की रडून लालबुंद झालेलं पोर शेवटी तिथंच सैल पडून जांभई द्यायचं. पंचवीस वर्षांत किती पोरं तिच्या नडग्यांवरनं गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्यातली काही आता मिशा फुटून मोटारसायकली उडवत होती. एखादा रस्त्यात दिसला की हिची हाक, "ए, तुझं ढुंगण मी धुतलंय, सावकाश जा की!" पोरगं बिचारं मित्रांसमोर मेल्याहून मेल्यासारखं.

पण तेलाच्या बाटलीचं बूच काढायच्या आधी तिचं एक काम असायचं. चपला काढल्या की थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं आणि बाळ कुठं झोपतं ते बघायचं. मग कुणाची गय नाही. भोवती रचलेल्या उशा काढ, लोड काढ, मऊ दुलई काढ, डोक्याखालची राळ्याची उशी काढ. "डोकं गोल व्हतंय म्हनं! डोक्याचं मागनं बघू, आदी श्वास तर राहू दे पोराचा!" बाळंतीण बाळाला कुशीत घेऊन झोपते असं कळलं तर मग तोफखानाच सुटायचा. "बाळ असं ठेवा, की हात लांब केला की हाताला लागलं पायजे. पन आपल्या अंथरुनात न्हाय. खाली घट्ट गादी, पाठीवर उतानं, आजूबाजूला काय म्हंजे काय न्हाय. झोप लागली की मानूस मेल्यावानीच की! कवा कूस वळली, कुनाला कळतंय?" एखाद्या घरची आजी म्हणायची, माझ्या आईनं सहा लेकरं कुशीत वाढवली. त्यावर ही, "त्यातली गेली किती, त्ये बी सांगा की."

ह्या तोंडाळपणाला कारण होतं. एकोणनव्वद सालच्या थंडीत एका घरानं तिला सकाळीच निरोप धाडला, लवकर या म्हणून. दीड महिन्याचं पोर आई-बापाच्या मधे, दुलईत झोपलेलं. सकाळी उठलंच नाही. कुणाची चूक म्हणायची? दमलेली आई झोपेत वळली, एवढंच. त्या पोराला शेवटची आंघोळ आक्काताईनं घातली. तेल लावलं नाही, पण पाणी मात्र पितळी घंगाळात ऊन घेतलं, रोजच्यासारखंच. ते घर कोणतं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती उशीकाढी झाली ती कायमची.

हा झाला तिचा धंदा. आता तिचा आजार सांगतो. आजार पोटाचा. दुसऱ्याचं बरं झालं की आक्काताईच्या पोटात दुखायचं.

त्यालाही कारण होतं म्हणा. मुलगा नागसेन चार महिन्यांचा असताना नवरा बाळासो गेला. तेव्हापासून पोटासाठी ही कामं. दुसऱ्यांची पोरं नडगीवर आणि आपलं पोर शेजारच्या चिमणाबाईच्या झोळीत. ही घरी यायची तेव्हा नागसेन खाऊन-पिऊन झोपलेला. ही मोकळी व्हायची तेव्हा तो जागा होऊन चिमणाबाईच्या कडेवर. पोटच्या पोराला कुशीत घेऊन दुपारची एक डुलकी काढावी, एवढी साधी गोष्ट तिच्या वाट्याला आली नाही. नागसेन पहिल्यांदा 'आई' म्हणाला तो चिमणाबाईला. झालं! त्या दिवसापासून चिमणाबाईनं कितीही चांगली आमटी वाटीतनं आणून दिली तरी आक्काताईला ती खारटच लागली. पंचवीस वर्षं खारट!

नागसेन शिरोलीच्या कारखान्यात फौंड्रीत लागला. दोन हजार साली त्याचं लग्न झालं. सून आजऱ्याची, सोनम. बालवाडीत शिकवायची. कमी बोलायची आणि ऐकायची मात्र सगळं. दुपारी आक्काताई भाकरी खाता खाता त्या दिवशीच्या लढाया सांगायची, कुठल्या घरात कुणाची उशी काढली, कुणाला काय सुनावलं. सोनम समोर बसून ऐकायची, मधेच विचारायची, "मग आत्ती, पाळना असला तर?" आक्काताई फुशारून सांगायची, "पाळना झुलवायला बरा, झोपायला कशाला? आईच्या खाटंला लागून, खाटंएवढीच उंच अशी जागा पायजे. रातीला पाजायला उठायचं न्हाय, नुसतं वळायचं. पन अंथरुन येगळं." असं कुठं मिळत नाही, हेही तीच सांगायची. सोनम मान हलवायची.

सोनमला दिवस गेले आणि आक्काताईच्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली. नागसेनचं राहिलं ते आता नातवाचं. दुधापेक्षा सायीला जपावं म्हणतात, मग ही साय आपली. आपणच न्हाऊ घालायचं, आपणच धुरी द्यायची, आणि दुपारी पोर आपल्याजवळ झोपायचं. तिनं पेटीतनं लग्नातलं नऊवारी काढलं, दोनदा धुऊन मऊ केलं, आणि आपल्या खोलीतल्या आढ्याला कडी ठोकून घेतली. झोळी बांधायला. दुसऱ्यांच्या घरच्या झोळ्या तिनं स्वतः सोडायला लावल्या होत्या, पोर गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते म्हणून. पण ते दुसऱ्यांच्या घरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय!

आणि मग सातव्या महिन्यात विहीणबाई, सोनमची आई शालूबाई, आल्या लेकीला न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी. बाबासाहेबांच्या मागं जाऊन आमच्या लोकांनी तेहतीस कोटी देव एका दिवसात सोडले, पण ही रीत काय सुटली नव्हती. आक्काताई म्हणून बघितली, "हितंच करू की, मी हाय न्हवं?" पण शालूबाई नुसती हसली आणि लेकीची पिशवी उचलली. निघायच्या आधी सोनम आपल्या खोलीत सुतळी घेऊन खाटेचं माप घेत होती. सुतळीला गाठ मारून तिनं ती पर्समध्ये टाकली. आक्काताईनं बघितलं आणि मनात म्हणाली, चादरीचं माप असेल.

पोरगा झाल्याचा निरोप चिमणाबाईच्या घरच्या फोनवर आला. म्हणजे पहिल्यांदा कळलं कुणाला? चिमणाबाईला! आक्काताईनं धावत जाऊन फोन घेतला आणि पहिला प्रश्न काय विचारावा? बाळ कसं आहे नाही, सून कशी आहे नाही. "न्हाऊ कोन घालतंय?"

तिकडनं शालूबाई म्हणाली, "धोंडुबाई म्हनून हाय एक हितली. हात हलका हाय तिचा."

हात हलका! अर्ध्या कोल्हापूरला न्हाऊ घालणारी बाई इथं बसलीय आणि तिच्या नातवाला आजऱ्याची कोण धोंडुबाई न्हाऊ घालणार! आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिनं शाहूपुरीतल्या एका आजोबांचीच उशी काढून टाकली.

बाराव्या दिवशी एस.टी.नं आजऱ्याला गेली. न्हाणं होऊन गेलेलं. "तेल कमी लावलंय," पहिलं वाक्य. शालूबाई काजूच्या कारखान्यात कामाला. टरफलं फोडून फोडून तिची बोटं चिकानं काळी पडलेली, घासून न निघणारी. त्या काळ्या बोटांच्या ओंजळीत बाळ शांत पडलं होतं, आणि आक्काताईनं घेतल्यावर मात्र त्यानं भोकाड पसरलं. "नवीन मानूस हाय न्हवं," शालूबाई म्हणाली, समजूत काढायला. नवीन माणूस? सख्खी आजी नवीन माणूस? आक्काताई त्या दिवशी जेवली नाही, दुपारच्याच गाडीनं परत आली. गाडीभर तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र. दुपारची वेळ, शालूबाई आडवी झालीय आणि तिच्या कुशीत आपला नातू. रोज. चाळीस दिवस. तिनं तसं काही बघितलं नव्हतं हो, पण मत्सराला बघायला डोळे कुठं लागतात?

सव्वा महिन्यानं सोनम परत आली, आणि मागनं टेंपोत शालूबाईबरोबर आला पाळणा. पाळणा आईच्या माहेरचा, ही दुसरी रीत. गल्ली गोळा झाली. फणसाच्या पिवळ्या लाकडाचा, गुळगुळीत घासलेला, खाली घट्ट सुती गादी. ना घुंगरू, ना चिमण्या, ना झुलायला दोऱ्या. चार पायांवर उभा. आणि बाजू तीनच! चौथी बाजू उघडी.

"काय देखना केलाय गं!" चिमणाबाई म्हणाली.

आक्काताईला संधी मिळाली. "ह्येला पाळना म्हनत्यात व्हय? झुलत न्हाय, काय न्हाय. खोकं हाय खोकं! आनि चौथी बाजू इसारला काय तुमचा सुतार?"

शालूबाई ओशाळून म्हणाली, "न्हाय, तसाच करायला सांगितलता." कारखान्याचं काम सोडून आली होती, त्याच टेंपोनं परत गेली. जाताना बाळाच्या तळपायाला एकदा बोट लावलं, तेवढंच.

सोनमनं तो पाळणा आपल्या खाटेला लावून ठेवला. उघडी बाजू खाटेकडं. उंची अशी बरोबर, की खाटेची आणि पाळण्याची गादी एका रेषेत. "आत्ती, ह्यो पाळना बघा, तुमी म्हनत हुता न्हवं..." तिनं सांगायला तोंड उघडलं.

"कळतंय मला," आक्काताई म्हणाली आणि खोलीतनं बाहेर गेली. मत्सर कानातसुद्धा बोळे घालतो बघा.

मग पंधरा दिवस घरात लढाई. सकाळी बाळाला न्हाऊ घालायचं, तो मान आक्काताईचा, त्यात वाद नाही. पण न्हाणं झालं, धुरी झाली, की पोर सोनमकडं, आणि सोनमकडनं त्या खोक्यात.

"जरा झोळीत घालतो."

"आत्ती, तुमीच म्हनता न्हवं, झोळीत हनुवटी छातीला टेकती?"

"मग राळ्याची उशी तरी दे डोक्याखाली, डोकं चपटं व्हईल."

"आत्ती, उशी?" सोनम नुसती बघायची.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भांडायला शब्द काढावा तर तो आधीच सुनेच्या तोंडात, आणि तोही आपलाच. आक्काताई येता-जाता त्या पाळण्याच्या पायाला पायानंच एक ढुशी द्यायची. एकदा ढुशी दिल्यावर पाळणा जरा सरकला, खाट आणि पाळणा यांच्यामधे दोन बोटं फट पडली. तिला एवढा आनंद झाला म्हणता! सापडली एकदाची खोट विहीणबाईच्या पाळण्यात! पण सांगितली नाही कुणाला. गुपचूप पाळणा परत सरकवला आणि ती खोट पोटात ठेवली, वेळेला कामाला येईल म्हणून.

बाळ त्या पाळण्यात असं गाढ झोपायचं की बस्स. हात वर टाकून, उताणं, राजासारखं. तेच तिला सोसवेना. रडलं असतं तर बरं वाटलं असतं. आजी असून मनात असं येतं, ह्याची लाज वाटायची, आणि तरीही यायचं.

आला गुरुवार. सोनमला बालवाडीत रजेचा अर्ज द्यायला जायचं होतं. नागसेन कामावर. "आत्ती, पाजून पाळन्यात झोपवलंय. दोन तासांत येतो मी." आक्काताईनं मान डोलावली. त्या दिवशी तिनं पाच नाही, सहा घरं केली होती. कंबर मोडून आलेली. सोनमच्या चपलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला आणि आक्काताई पाळण्यापाशी उभी राहिली.

घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिनं बाळाला उचललं. आपल्या खोलीत नेलं, आपल्या अंथरुणात घेतलं आणि आडवी झाली. त्याच्या टाळूला ओव्याच्या धुरीचा आणि तेलाचा वास होता. एवढी पोरं न्हाऊ घातली, पण असा वास घेत पडून राहायला कुठल्या घरानं तिला सांगितलं होतं? पाच मिनिटं, ती मनाशी म्हणाली. झोपायचं न्हाय, नुसतं पडायचं. आता गंमत बघा. "झोपलो न्हवतो हो आक्काबाई, नुसतं पडलतो," हे वाक्य तिनं घरोघरी ऐकलं होतं आणि दर वेळी उत्तर दिलं होतं, "सगळ्याच असंच म्हनत्यात!" ते तिला तेव्हा आठवलंसुद्धा. आठवलं आणि तरी ती पडून राहिली. बघ म्हणावं शालूबाई, आता कुणाच्या कुशीत आहे!

भंगारवाल्याच्या ओरडण्यानं जाग आली. क्षणभर कळेना आपण कुठं आहोत. मग हाताखाली काहीतरी ऊन लागलं. तिचा उजवा हात, तेल रगडून दगड झालेला तो जड हात, बाळाच्या अंगावर आडवा पडला होता. आणि तोंडावर पदर. ओला झालेला, नाकाला चिकटलेला पदर.

तिनं पदर ओढला. बाळाच्या ओठांभोवती निळसर कड होती. ते हलत नव्हतं. तिनं उचललं, पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. "ए, ए सोन्या, ए माझ्या राजा." किती वेळ गेला? दोन श्वास असतील, चार असतील. तेवढ्यात तिला एकोणनव्वद सालचं ते पितळी घंगाळ दिसलं, ऊन पाण्याचं.

आणि मग पोरानं असा टाहो फोडला, की भिंतीपलीकडनं चिमणाबाईनं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाय, भूक लागलीय," आक्काताई म्हणाली.

गुलाबी झालं, हुंदके देत झोपलं. तिनं त्याला पाळण्यात उताणं ठेवलं आणि समोर फरशीवर बसून त्याची छाती वर-खाली होताना बघत राहिली. सोनम आली, विचारलं, "उठलतं काय?" आक्काताई म्हणाली, "उठलतं. झोपलं परत." शब्द न् शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं.

त्या संध्याकाळी तिनं कडीला बांधलेली झोळी सोडली. लग्नातलं नऊवारी टराटरा फाडलं, त्याच्या पट्ट्या काढल्या आणि सोनमच्या खाटेखाली शिरून पाळण्याचे पाय खाटेच्या पायांना गच्च आवळून टाकले. दोन बोटं सोडा, सुईसुद्धा जाणार नाही अशी फट मिटवली. सोनमला वाटलं, सासूबाई निवळल्या. हसून म्हणाली, "आत्ती, बरं झालं. सरकत हुता जरा." आक्काताईला त्या हसण्यानं कापल्यासारखं झालं. सांगावं तर सून पोराला पुन्हा हातात देणार नाही. न सांगावं तर घास उतरत नाही. तीन दिवस तिनं घरोघरी न्हाणी केली, पण कुणाची उशी काढली नाही. लोकांना वाटलं बाई आजारी आहे.

रविवारी नामकरण. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार, त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव सार्थक ठेवलं, खीर वाटली. शालूबाई सकाळच्या गाडीनं आलेली. बायका पाळण्याभोवती जमल्या. गल्लीतल्या होत्या, आक्काताईच्या कामाच्या घरच्याही दोघी-तिघी होत्या. राजारामपुरीची एक आजीही होती, जिची राळ्याची उशी आक्काताईनं मागच्याच महिन्यात खिडकीत भिरकावली होती.

"शालूबाई, पाळना लई सुरेख," चिमणाबाई म्हणाली. "ही असली बाजू उघडी ठेवायची कल्पना कुनाची?"

शालूबाईनं बोट केलं ते आक्काताईकडं. "ह्यांची की. माझं काय हाय त्यात? पोरगी दिवसभर सांगत हुती, आत्ती असं म्हनत्यात, आत्ती तसं म्हनत्यात. खाटंएवढी उंच जागा, लागून, पन अंथरुन येगळं. सुतळीला गाठ मारून माप आनलं तिनं. सुतारानं दोनदा फिरवलं मला, असला पाळना असतो का म्हनून."

आक्काताईच्या हातातली खिरीची वाटी तशीच राहिली. ज्या खोक्याला तिनं पंधरा दिवस लाथा घातल्या, तो तिच्याच तोंडचा शब्द होता. लाकडात उतरवलेला.

शालूबाईनं बाळाला उचललं आणि जरा लाजत म्हणाली, "इनबाई, एक मागू का? चाळीस दिवस मी खाली चटईवर झोपलो. पोरीनं बजावून ठेवलतं, आत्तींचा नियम हाय, कुनी कुशीत घेऊन झोपायचं न्हाय. एकदा बी घेतलं न्हाय बघा. लई वाटायचं हो. आज तुमी समोर हाय, तर एकच दुपार, घेऊ का घटकाभर जवळ? तुमी हो म्हना फकस्त."

सगळ्या बायका हसल्या. "घ्या की," चिमणाबाईच म्हणाली. "उशीकाढी समोर बसल्यावर कशाचं भ्या?" सोनमही हसत होती. सगळ्यांनी आक्काताईकडं बघितलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! नाही म्हटलं तर लोक म्हणणार, जळते मेली. तिनं वाटी खाली ठेवली.

"नगं इनबाई."

शालूबाईचं तोंड उतरलं. "न्हाय, आपलं सहज..."

"नगं म्हंजे नगं. मी घेतलतं."

"काय?"

"गुरवारी. सोनम शाळंत गेलती. मी कुशीत घेतलं आनि मला झोप लागली. जाग आली तवा माझा पदर त्येच्या नाकावर हुता आनि हात अंगावर. ओठ निळं पडलतं." ती शालूबाईकडं वळली. "तुमच्यावर जळून घेतलं, खोटं कशाला बोलू? मला वाटलतं, तुमी चाळीस दिवस रोज घेत असनार. माझ्या वाट्याला एक दुपार बी न्हाय, म्हनून घेतलं. माझाच नियम, आनि मीच मारलं असतं त्येला."

राजारामपुरीच्या आजीनं तोंडाला पदर लावला. सोनमनं पुढं होऊन आईच्या हातातनं बाळ ओढून घेतलं आणि छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नागसेन दारात येऊन उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो एकच वाक्य बोलला. "आई, तीन दिवस गप बसलीस?" आणि त्यानं नि सोनमनं बाळाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटलं, तरी दोघांनी रात्रीचं जेवण केलं नाही.

सोनम आठ दिवस सासूशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, "आत्ती, दुपारी घरी आलासा की आदी तुमी झोपायचं. उठून तोंड धुवायचं. मग बाळ घ्यायचं, बसून." आक्काताईनं मान खाली घालून हो म्हटलं. कामाच्या दोन घरांनी तिला बोलवायचं बंद केलं. बाकीच्या घरांत ती पुन्हा उशा काढायला लागली, पण आता तोफखाना नव्हता. उशी काढायची आणि सांगायची, "माझ्या हातनं झालतं बाई. माझ्या."

पण ते सगळं पुढचं. त्या रविवारी, डॉक्टरकडनं परत आल्यावर, सोनमनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि ती खाटेवर बसून राहिली. शालूबाईची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ती पाळण्याच्या पायथ्याशी फरशीवर येऊन बसली आणि दाराआड उभ्या असलेल्या आक्काताईला म्हणाली, "बसा की हितं. उभ्या कशाला?"

आक्काताई बसली. शालूबाईला खाली पाळण्याच्या पायाशी नऊवारीच्या पट्टीची गाठ दिसली. "ही कुनी मारली?"

"मी. तुमच्या सुतारानं पाय लई गुळगुळीत केल्यात. सरकतोय पाळना."

"बरं केलासा," शालूबाई म्हणाली. "मला न्हाय सुचलं."

तिनं पाळण्यात आपलं काळं बोट नेलं. झोपेतल्या सार्थकनं ते पटकन मुठीत धरलं, गच्च. आणि आक्काताईच्या पोटात, एवढं सगळं होऊनसुद्धा, दुखलंच. तिनं हळूच आपलं बोट त्याच्या दुसऱ्या मुठीपाशी नेलं. ती मूठ मिटलेली होती. उघडेल तेव्हा उघडेल म्हणून ती बोट तसंच ठेवून बसून राहिली, पाठ ताठ, आणि डोळे टक्क उघडे.